ऊर्जा ताळेबंद, पृथ्वीचा

सूर्याकडून पृथ्वीला मिळणारी ऊर्जा आणि परावर्तन व उत्सर्जन यांच्या द्वारे पृथ्वीकडून अवकाशात जाणारी ऊर्जा यांच्या हिशेबाला पृथ्वीचा ऊर्जा ताळेबंद म्हणतात. पृथ्वीभोवती निर्वात अवकाश असल्याने ही देवघेव जवळजवळ सर्वस्वी प्रारणाच्या (तरंगरूपी ऊर्जेच्या) रूपाने होते. त्यामुळे कृत्रिम उपग्रहावरून ती प्रत्यक्ष मोजता येते.

सूर्यकिरणांना लंब असलेल्या दर चौ. मी. क्षेत्रावर वातावरणाच्या माथ्याशी सु. १,३६१ वॉट सौर प्रारण पडते. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या छायावर्तुळाच्या चौपट असल्याने संपूर्ण पृथ्वीवर विभागून हे प्रमाण सु. ३४० वॉट येते. त्यांपैकी सु. १०० वॉट मुख्यत्वे ढग, हिम, वाळवंटे व हवेतील कण यांच्यावरून परावर्तित होतात. उरलेले शोषले जाऊन सु. २४० वॉट अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) प्रारण म्हणून बाहेर पडतात. जमाखर्चातील शिल्लक एका वॉटच्या आसपास असते. पृथ्वी तापते की निवते हे या शिलकीवरच ठरते आणि मापनातील अडचणीही तिच्या अल्पत्वातूनच उद्‌भवतात.

उपग्रहांपूर्वी पृथ्वी सु. ३५ टक्के किंवा त्याहून अधिक सूर्यप्रकाश परावर्तित करते, असे धरले जाई. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी सोडलेल्या एक्सप्लोरर-७ या अमेरिकी उपग्रहावर विस्कॉन्सिन विद्यापीठातील व्हर्नर सुओमी व रॉबर्ट पॅरेंट यांनी तयार केलेले प्रारणमापक होते. त्यात आरशांवर बसविलेले काळे व पांढरे अर्धगोल होते. काळा अर्धगोल सर्व प्रारण शोषी. पांढरा सूर्यप्रकाश परतवून मुख्यतः अवरक्त प्रारण शोषी. दोहोंच्या तापमानांतील फरकावरून दोन्ही प्रकारची प्रारणे वेगळी काढता येत. साध्या युक्तीचा हा उत्तम नमुना होय. १९६० नंतरच्या दशकातील अशा मापनांवरून परावर्तनाचे प्रमाण सु. ३० टक्केच ठरले. म्हणजे पृथ्वी समजुतीपेक्षा काळसर निघाली.

१९८४ मध्ये सोडलेल्या ईआरबीएस उपग्रहाने व त्याच्या जोडीच्या उपकरणांनी ढगांचा प्रश्न सोडविला. ढग सूर्यप्रकाश परतवतात, तसेच खालून येणारे अवरक्त प्रारण अडवितातही. व्ही. रामनाथन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये दाखविले की, पहिला परिणाम वरचढ असून एकूण परिणाम थंडावा देणारा आहे.

मार्च २००० पासून टेरा या उपग्रहावरील व २००२ पासून ॲक्वा उपग्रहावरीलही ‘सीरीझ’ उपकरणांची मापने उपलब्ध आहेत. उपकरणाला एका वेळी एकाच दिशेने येणारे प्रारण दिसते. ताळेबंदासाठी मात्र सर्व दिशांना जाणारे लागते. समुद्र, वाळू व ढग यांचे परावर्तन दिशेनुसार निरनिराळे असल्याने ते हजारो कोनांतून पाहून रूपांतराची कोष्टके तयार करावी लागली. शिवाय असा उपग्रह एखाद्या स्थळावरून दिवसाच्या ठराविक वेळीच जातो. मधल्या वेळा भूस्थिर उपग्रहांच्या निरीक्षणांनी भरून काढतात. भारत व फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहाची (२०११) कक्षा विषुववृत्ताशी अवघ्या २० अंशांनी कललेली होती. त्यामुळे त्यावरील स्काराब हे उपकरण उष्ण कटिबंध वेगवेगळ्या वेळी पाहू शके.

तरीही मूळ अडचण राहतेच. परावर्तित प्रारणाच्या मापनात एक टक्का चूक झाली, तरी ती संपूर्ण शिलकीएवढी भरते. नुसत्या उपग्रहमापनांवरून शिल्लक चार वॉटहून अधिक येते व ती खरी असती, तर महासागर कितीतरी झपाट्याने तापले असते. पृथ्वीवरील जादा उष्णतेचा सु. ९० टक्के भाग समुद्रात साठतो. म्हणून आर्गो योजनेचे तरंगते मापक २,००० मी. खोलीपर्यंत घेत असलेल्या तापमानांवरून शिल्लक निश्चित करतात. २००५–१५ या काळासाठी ती ०.७१ वॉट ठरली. उपग्रहमापने तिच्याशी जुळवून घेतली जातात. थोडक्यात, मूळ रक्कम समुद्र सांगतो व तिच्यातील चढउतार उपग्रह सांगतो. हे चढउतार विश्वसनीय आहेत, कारण उपकरणांची स्थिरता त्यांच्या अचूकतेपेक्षा पुष्कळच चांगली असते. २००५ ते २०१९ या काळात शिल्लक जवळजवळ दुप्पट झाल्याचे दोन्ही पद्धतींनी स्वतंत्रपणे दाखविले.

अशा नोंदीचे मूल्य तिच्या सलगतेत असते. जुने उपकरण चालू असतानाच नवे सोडून दोहोंची तुलना करावी लागते. ईआरबीएसवरील क्रमवीक्षक (पट्ट्यापट्ट्याने पृष्ठ न्याहाळणारे उपकरण) १९९० मध्ये बंद पडले आणि पहिले ‘सीरीझ’ उपकरण नोव्हेंबर १९९७ मध्ये अवकाशात गेले. या मधल्या वर्षांच्या अलीकडची व पलीकडची मापने परस्परांशी नेमकी जोडणे अद्याप कठीण जाते.