गाडी मिसिंग मारते: प्लग की वायर?

जुलैत पिरंगुटचा चढ चढताना जुनी पेट्रोल गाडी गचके द्यायला लागली, की शेजारी बसलेला जाणकार लगेच निदान करतो, "प्लग गेलेत." पुष्कळदा ते खरंही असतं. पण गाडी मुळशीच्या बाजूला राहत असेल आणि दिवस पावसाचे असतील, तर माझा पहिला संशय वायरींवर जातो. पुणे शहरात अख्ख्या वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशेच्या वर पाऊस पडला. अशा हवेत रबराची जुनी वायर किती दिवस धड राहणार?

हा लेख कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि चार प्लगच्या गाड्यांबद्दल आहे. उदाहरणाला घेतली आहे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर काही जण हसतील. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, स्टिअरिंगला लावलेला गिअरचा दांडा. पण मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या त्या काळात आपल्याकडचे हौशी लोक याच फियाटचं (पद्मिनी म्हणजे मुळात फियाटच) इंजिन खोलून, हेड घासून, तिलाच पळवत असत. तुमच्याकडे आजोबांची एमजी असो, प्रीमियरचीच ११८ एनई असो, की रेनोचं ११४९ सीसी इंजिन बसवलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म असो, प्लग आणि वायर बदलण्याची रीत फारशी बदलत नाही. नंतरच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर जाऊन कॉइल पॅक आला, एवढंच.

आधी ठिणगी येते कुठून ते पाहू. बॅटरीत १२ व्होल्ट असतात. कॉइलमध्ये तारेचे दोन गुंडाळे असतात, एक जाड तारेचा थोड्या वेढ्यांचा आणि दुसरा केसासारख्या तारेचा हजारो वेढ्यांचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असतात तेव्हा पहिल्या गुंडाळ्यातून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत दाब उसळतो. हा दाब मधल्या वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो. तिथे फिरणारा रोटर तो एकेका वायरीला वाटतो आणि वायरीच्या टोकाचा प्लग त्याची ठिणगी करतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या पाडाव्या लागतात.

आता यातली गंमत बघा. कॉइल दर वेळी पूर्ण वीस हजार व्होल्ट देत नाही. प्लगच्या फटीतून उडी मारायला जेवढा दाब लागेल, तेवढाच तो चढतो. फट मोठी तर दाब जास्त लागतो, आणि सिलिंडरमधली हवा जितकी दाबलेली तितका तो आणखी वाढतो. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी येते, ठिणगी सहज पडते. चढावर तुम्ही पाय दाबता, सिलिंडर भरून येतो आणि त्याच ठिणगीला बरीच जास्त ताकद लागते. म्हणून पौडच्या बाजारात उभी असताना घड्याळासारखी चालणारी गाडी घाटात मिसिंग मारते.

वीज सोपी वाट शोधते. प्लगची फट झिजून रुंद झाली आणि वायरीच्या रबराला बारीक चीर असली, तर फट ओलांडण्यापेक्षा चिरेतून इंजिनच्या लोखंडावर जाणं तिला सोपं पडतं. पाटाला मध्येच भगदाड पडलं की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, तसंच हे. कोरड्या एप्रिलमध्ये ही चीर निभावून जाते. पावसात मात्र वायरीवर धूळ, तेल आणि दमट हवेचा थर बसतो आणि तो थर विजेला रस्ता देतो. निव्वळ पाण्यापेक्षा मळकट पाणी जास्त वाईट. त्यामुळे नवे प्लग टाकून चार दिवस बरं वाटतं, कारण फट लहान झालेली असते. पुढे पाऊस वाढला की दुखणं परत येतं आणि लोक नव्या प्लगना शिव्या घालतात. प्लग आणि वायरी एकत्र बदला असं मी सांगतो ते याचसाठी.

बदलण्याआधी एक तपासणी फुकटात होते. अंधार पडल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा आणि इंजिन चालू करा. पुण्यात दिव्यांमुळे हे नीट जमत नाही. मुळशी धरणाच्या अलीकडे-पलीकडे अंधाराची कमतरता नाही. ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून लांब असू द्या. झाडांना मारायच्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचं नुसतं धुकं उडवा. जिथे चीर असेल तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसेल आणि टिकटिक ऐकू येईल. इंजिन चालू असताना वायरीला हात मात्र लावायचा नाही. जुने मेकॅनिक चालू गाडीची एकेक वायर ओढून कुठला सिलिंडर मेला ते ओळखतात. त्यांना झटक्यांची सवय असते, तुम्हाला नाही. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर चालू इंजिनावर वाकूच नये.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतूनही पाहून घ्या. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर तिथून वीज पळते आहे. ती रेघ पुसून जात नाही. कॅप बदलावी लागते, आणि कॅपबरोबर रोटर.

काम थंड इंजिनावर करा. गरम अ‍ॅल्युमिनियमच्या हेडातून प्लग ओढून काढला तर आटे सोबत येऊ शकतात आणि मग शंभर-दोनशे रुपयांच्या कामाचं हेड उतरवायचं काम होतं. चारही वायरींना चिकटपट्टी लावून १ ते ४ आकडे घाला. पद्मिनीत रेडिएटरकडचा सिलिंडर पहिला. हे आकडे घातले तरी चारही वायरी एकदम काढू नका. एक वायर, एक प्लग, ते बसवून झालं की पुढचा. इतक्या साध्या नियमाने निम्मी डोकेदुखी वाचते.

वायर ओढताना रबराची टोपी धरायची, वायर नाही. वर्षानुवर्षं चिकटलेली टोपी आधी थोडी इकडेतिकडे फिरवली की सुटते. प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या खळग्यातली माती हवा मारून उडवा. घरी कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप पुरतो. ही पायरी लोक गाळतात, आणि तोच कचरा प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये पडतो. पाना प्लगचाच हवा, आत रबर असलेला. साध्या बॉक्स पान्याने प्लगच्या चिनी मातीला तिरका दाब बसला की तिला तडा जातो. तो तडा दिसतही नाही.

निघालेले प्लग फेकायची घाई नको. ते क्रमाने मांडून ठेवा आणि निवांत वाचा, कारण सिलिंडरच्या आत काय चाललंय याची एवढी स्वस्त बातमी दुसरीकडे मिळत नाही. टोक फिक्या तपकिरी किंवा राखाडी रंगाचं असेल तर सगळं ठीक आहे. (जुन्या मॅन्युअलमधली चित्रं जास्त गडद दिसतात. ती शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं.) कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी फक्त दूध आणायला दोन किलोमीटर जाते. काळं आणि तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत, आणि नव्या प्लगने ते बरं होणार नाही. पांढरंफटक, फोड आल्यासारखं टोक मात्र गंभीर घ्या. मिश्रण फार पातळ आहे, टायमिंग पुढे गेलंय किंवा प्लग चुकीचा आहे, आणि अशा गाडीने घाट चढला तर पिस्टनवर येऊ शकतं. चारांपैकी एकच प्लग पेट्रोलने ओला आणि त्याला पेट्रोलचा वास, बाकी तीन छान? त्या सिलिंडरला ठिणगीच पोचत नाही. सरळ त्याच्या वायरीकडे बघा.

खरेदीला पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुना प्लग खिशात घेऊन जा. दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही, कारण एवढ्या वर्षांत हेड बदललेलं असू शकतं. आट्यांची लांबी जुळली पाहिजे. लांब प्लग आखूड भोकात बसवला तर टोक पिस्टनला लागू शकतं. दुसरी गोष्ट प्लगची गरमी. थंड प्लग उष्णता लवकर बाहेर टाकतो, गरम प्लग ती धरून ठेवतो. इथे आकड्यांचा घोळ आहे: एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशच्या आजच्या क्रमांकांत बरोबर उलट. पद्मिनीच्या काळी सगळीकडे मायकोचे प्लग असायचे. मायको म्हणजे बंगळुरूत १९५१ साली सुरू झालेली कंपनी, तिचंच नाव २००८ साली बॉश झालं. त्या जुन्या मायको प्लगवर १७५ असा तीन आकडी क्रमांक असे, आणि तिथे परत मोठा आकडा म्हणजे थंड. म्हणून आकड्यावरून अंदाज बांधू नका, तुलनेचा तक्ता मागा. शनिवार-रविवारी घाटात जाणाऱ्या साध्या इंजिनाला कारखान्याने सांगितलेलाच प्लग उत्तम. इरिडियमच्या महागड्या प्लगवर पॉइंटवाल्या गाडीत पैसे घालू नयेत असं माझं मत. निकेलचे साधे प्लग पंधरा-वीस हजार किलोमीटर जातात आणि या गाड्या तेवढ्या चालायला कित्येक वर्षं लागतात.

वायरींत तांब्याच्या गाभ्याच्या आणि कार्बनच्या गाभ्याच्या असे दोन प्रकार मिळतात. तांब्याची दणकट, पण रेडिओत खरखर आणते. कार्बनची शांत, पण वाकवली की आतून तुटते. मल्टिमीटर असेल तर बसवण्यापूर्वी प्रत्येक वायर मोजा. कार्बनच्या वायरीत काही हजार ओहम दिसणं बरोबर आहे. चारांपैकी एकीचा आकडा तिच्या लांबीच्या मानाने भलताच मोठा आला, किंवा काहीच आलं नाही, तर ती परत करा.

नव्या प्लगची फट दुकानातून बरोबर येते यावर विश्वास ठेवू नका. पद्मिनीला साधारण ०.६ मिलिमीटर लागते. फिलर गेजचं पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. फट कमी-जास्त करताना बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवायचा, मधल्याला हात लावायचा नाही.

प्लग बसवायची एक युक्ती जुन्या गॅरेजवाल्यांची आहे. पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि तो पाइप बोटांनी फिरवत प्लग आत उतरवा. आटे तिरके लागले तर पाइप नुसता घसरतो, जोर लागतच नाही. पान्याने सुरुवात केली की तो तिरका प्लगसुद्धा निमूट आत जातो आणि आटे कापतो. प्लग हाताने पूर्ण बसला, की मग पाना. नवी वॉशर असेल तर अर्धा ते पाऊण फेरा, जुनाच प्लग परत बसवत असाल तर अगदी थोडं. वॉशर नसलेल्या निमुळत्या बैठकीच्या प्लगला त्याहून खूप कमी लागतं.

वायरीची टोपी दाबली की टक् असा आवाज आला पाहिजे. टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला तर पाणी शिरत नाही आणि पुढच्या वेळी ती चिकटत नाही. वायरी एक्झॉस्टपासून दूर, क्लिपांमध्ये ठेवा. फियाटचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. म्हणजे तीन आणि चार शेजारी-शेजारी, आणि पेटतातही एकामागून एक. दोन आणि एकचं तसंच. या जोड्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून नेल्या, तर एकीतली वीज दुसरीत थोडीशी उमटते आणि सिलिंडर अवेळी पेटू शकतो. बोटभर अंतर ठेवलं की प्रश्न मिटला. सगळं करूनही गाडी कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवत असेल, तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. कॅप काढा, रोटर कोणत्या दिशेने फिरतो ते पाहा आणि त्या दिशेने १-३-४-२ मोजा.

पावसात भिजून बंद पडलेल्या गाडीवर लोक डब्ल्यूडी-४० मारतात. त्यात चूक काही नाही, पाणी हटवण्यासाठीच ते बनवलं होतं. पण चिरलेल्या वायरीवरचा तो तात्पुरता इलाज आहे, आणि पॉइंटवर ते उडू द्यायचं नाही. मुळशीत बंगल्यावर महिनोन् महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांनी वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, तेही बघावं. अशा गाडीत ते नेहमीचं आहे.

जुन्या वायरींपैकी सर्वांत लांब आणि मीटरवर ठीक दिसणारी एक वायर टाकून देऊ नका. लांब वायर चारही प्लगना पोचते. ती, उतरवलेल्यांतला चांगल्या रंगाचा एक प्लग, प्लग पाना आणि कोरडं फडकं एवढं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत ठेवा. ताम्हिणी घाटात गॅरेज नाही.