स्वखुशीची अट

परीकथा म्हणजे लहान मुलांची निरुपद्रवी करमणूक, असा समज सुशिक्षितांमध्ये रूढ आहे. तो तपासण्यासाठी ‘सुंदरी आणि पशू’ ही फ्रेंच कथा घेऊ. मादाम द व्हिलनव ह्यांनी ती १७४० साली प्रसिद्ध केली. मुलींना शिकविणाऱ्या मादाम ल प्रँस द बोमाँ ह्यांनी १७५६ साली तिचे संक्षिप्त रूप विद्यार्थिनींसाठी लिहिले. जगभर गेले ते हेच रूप.

ही प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. पण तिचा आरंभ देण्याघेण्याच्या व्यवहाराने होतो. बुडालेला व्यापारी एका महालात रात्र काढतो आणि निघताना मुलीसाठी एक गुलाब तोडतो. तेवढ्यासाठी पशू त्याला मृत्युदंड सुनावतो. मग सवलत देतो : तुझ्याऐवजी तुझी एखादी मुलगी मरायला आली तरी चालेल, मात्र ती स्वखुशीने आली पाहिजे. बापाला सोन्याने भरलेली पेटीही मिळते. मुलगी येते तेव्हा पशू विचारतो, तू मनापासून आलीस ना? ती थरथरत ‘होय’ म्हणते.

हे ‘होय’ नीट ऐकले पाहिजे. ‘नाही’ म्हटले तर बापाचा जीव जाणार. सत्ताधाऱ्याला नुसते आज्ञापालन पुरत नाही. त्यावर संमतीचा शिक्काही हवा असतो. ‘ते आपल्या मर्जीनेच राबतात’ हे वाक्य ज्यांनी वेठीच्या संदर्भात ऐकले आहे, त्यांना ही अट परकी वाटणार नाही.

पुढे महालात तिला ग्रंथालय मिळते, वाद्य मिळते, ‘तूच इथली मालकीण’ असे आश्वासन मिळते. घरी जायला मात्र परवानगी लागते. रोज रात्री जेवणाच्या वेळी पशू लग्नाबद्दल विचारतो. व्हिलनव ह्यांच्या मूळ कथेत तो शय्यासोबतीबद्दल विचारीत असे. प्रश्न सभ्य झाला, परिस्थिती तीच राहिली. तिने नकार दिला तरी तो पुन्हा विचारतोच. म्हणजे नकार हे उत्तर म्हणून स्वीकारलेलेच नाही. बाप आजारी पडतो तेव्हा आठ दिवसांची रजा मिळते, पण ‘तू परतली नाहीस तर मी दुःखाने मरेन’ ह्या शब्दांसह. तिला उशीर होतो आणि तो अन्न सोडतो. आधी बापाचा जीव तिच्या माथी होता, आता पशूचा.

कोणी म्हणेल, पशू तिच्यावर हात टाकीत नाही. रूपापेक्षा सौजन्य मोठे, असाच कथेचा बोध आहे. हे खरे आहे. अनोळखी पुरुषाच्या घरी पाठविल्या जाणाऱ्या त्या काळच्या मुलींना ह्या कथेने धीर दिला असेल. पण तो सोसण्याचा धीर होता. निवड करण्याचा अधिकार नव्हे. शेवटी पशूचा राजपुत्र होतो आणि गोड शेवटाखाली आधीचा सारा हिशेब पुसला जातो. १९९१ च्या डिस्ने चित्रपटात गुलाबाचा गुन्हा जाऊन बापाची कोठडी आली. बदली कैदी मुलगीच राहिली.

म्हणून ही कथा वर्गातून हद्दपार करावी असे नाही. ती वाचावी, आणि विद्यार्थ्यांना विचारावे : नकाराची किंमत काय होती, आणि ती कोणी ठरविली? दार कोणाच्या हाती होते? बापाचा जीव आधीच सोडला असता, तर ती आली असती का? हे प्रश्न विचारायची सवय लागलेली मुलगी उद्या ‘माझ्यावर प्रेम असेल तर’ अशा अटीसमोर थोडी थांबेल. शिक्षकाच्या हातून एवढे काम होण्यासारखे आहे.