कृत्रिम पाय आणि समाधानाची भाषा : तिरुप्पनंदाळच्या संदर्भात एक विचार

'समाधान' हा शब्द मराठी, हिंदी आणि तमिळ या तिन्ही भाषांनी संस्कृतातून घेतला. परंतु तिघींनी त्याला निरनिराळ्या अर्थाने रुजविले. हिंदीत तो मुख्यत्वे समस्येची उकल सुचवितो. तमिळमध्ये त्याचा अर्थ शांतता किंवा तह असा होतो. मराठीत मात्र तो मनाची निवांत, तक्रारशून्य अवस्था दर्शवितो. तंजावर, कुंभकोणम परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या दाक्षिणात्य मराठी कुटुंबांना हा शब्द घरात एका अर्थाने आणि बाहेर दुसऱ्या अर्थाने भेटतो. एरवी केवळ कुतूहलाचा वाटावा असा हा अर्थभेद एका प्रसंगी गंभीर होतो. पाय गमावलेल्या व्यक्तीला कृत्रिम पायाविषयी 'तुम्ही समाधानी आहात का?' असे विचारले जाते, तो हा प्रसंग होय.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात 'जीवनमान' या संकल्पनेची जी व्याख्या केली, तीत व्यक्तीची स्वतःच्या जीवनाविषयीची जाणीव केंद्रस्थानी आहे. आणि ही जाणीव तिच्या संस्कृतीच्या व मूल्यव्यवस्थेच्या संदर्भातच पाहावी, असेही म्हटले आहे. या व्याख्येवर आधारलेली प्रश्नावली सिद्ध करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांत चेन्नई आणि दिल्ली यांचा समावेश होता. पुढे २००० मध्ये आयर्लंडमधील संशोधकांनी खास कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांसाठी मापनश्रेणी तयार केली. मानसिक जुळवणूक, हालचालींवरील मर्यादा आणि साधनाविषयीचे समाधान असे तिचे प्रमुख भाग आहेत. समाधानाच्या भागात रंग, आकार, आवाज, वजन, उपयुक्तता, विश्वसनीयता, बसण्यातील नेमकेपणा अशा बाबींची पृथक् विचारणा होते.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतर, उलट भाषांतर आणि तज्ज्ञांची पडताळणी हे टप्पे पाळले जातात. तरीही एक अडचण उरते. मराठीत संतपरंपरेपासून समाधान हा केवळ अनुभव नसून सद्गुणही आहे. 'असमाधानी' हे विशेषण वस्तूबद्दलचा अभिप्राय राहत नाही. ते बोलणाऱ्याच्या स्वभावावरील शेरा बनते. पाय विनामूल्य मिळाला असेल तर नकारार्थी उत्तर कृतघ्नपणाचे वाटण्याचाही संभव असतो. तमिळमध्ये यासाठी 'तिरुप्ति' हा तृप्तीपासून आलेला शब्द किंवा मन भरून येण्याचा अर्थ असलेला 'मननिऱैवु' हा शब्द येतो. मराठीतील 'तृप्ती' अन्नपाण्याशी, म्हणजे देहाच्या गरजेशी, अधिक निगडित आहे. म्हणून 'समाधानी आहात का?' या प्रश्नाला मिळालेला होकार आणि 'पाय टोचतो का, घसरतो का, मांडी घालता येते का?' या प्रश्नांना मिळालेला होकार यांना एकाच मोलाचे मानता येत नाही.

मांडी घालण्याचा हा प्रश्न गौण नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेला, स्थिर घोट्याचा व मऊ टाचेचा कृत्रिम पाऊल-नमुना बूट घालणाऱ्या समाजासाठी होता. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हल्कनाइज्ड रबराचे जे पाऊल घडविले, ते अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे, जमिनीवर मांडी घालता यावी यासाठी होते. त्यास 'जयपूर फूट' हे नाव मिळाले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते विनामूल्य देण्याची व्यवस्था उभी केली.

येथे तंजावर जिल्ह्यातील तिरुप्पनंदाळचे स्मरण होते. तेथील शिवमंदिराची कथा अशी की, ताटकै नावाची भक्त स्त्री देवाला हार घालीत असता तिचे वस्त्र सुटू लागले. हात गुंतलेले पाहून लिंगच तिच्याकडे झुकले. पुढे राजाने हत्ती लावूनही ते सरळ झाले नाही. कुंगिलिय कलय नायनार यांनी दोर स्वतःच्या गळ्यात बांधून ओढले तेव्हा ते उभे राहिले. बाराव्या शतकातील शेक्किळार यांच्या 'पेरियपुराणम्' या ग्रंथात या नायनारांचे चरित्र आले आहे. देवाने भक्ताच्या अडचणीपुढे वाकावे, हे या कथेचे मर्म आहे. साधन आणि शरीर यांच्या नात्यालाही तोच न्याय लावता येईल : शरीराने साधनापुढे वाकण्यापेक्षा साधनाने शरीरापुढे, आणि त्या शरीराच्या रीतिरिवाजांपुढे, वाकावे. मंदिराच्या प्राकारात अनवाणीच फिरावे लागते. बुटावाचून अपुरे असणारे पाऊल तेथे भक्ताला दाराशीच अडविते.

याच कावेरीखोऱ्यात, भोसले दरबारी, भरतनाट्यमच्या आजच्या क्रमाची घडण झाली. दुसऱ्या सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत 'निरूपणे' रचली. या नृत्याचा पाया अर्ध्या बैठकीत उघड्या पावलाने जमिनीवर केलेला आघात हा आहे. मुंबईच्या नर्तकी सुधा चंद्रन यांना १९८१ मध्ये तमिळनाडूतील प्रवासात अपघात होऊन एक पाय गमवावा लागला. जयपूर फूट लावून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्या जीवनावरील 'मयूरी' या तेलुगू चित्रपटात आणि 'नाचे मयूरी' (१९८६) या हिंदी चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली. ही विजयगाथा सर्वश्रुत आहे. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनीच विमानतळावरील तपासणीत दर वेळी कृत्रिम पाय काढावा लागतो, ही व्यथा जाहीरपणे मांडली. त्यानंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने क्षमा मागितली. पाय उत्तम बसला तरी जीवनमान समाजाच्या वर्तनावर अवलंबून राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

साहित्याने वापरकर्त्याची ही बाजू क्वचितच ऐकली आहे. ऋग्वेदात अश्विनांनी विश्पलेला लोखंडाचा पाय दिल्याचा उल्लेख आहे. ती स्त्री होती की घोडी, यावर अभ्यासकांनी वाद घातला, पण तो पाय तिला कसा वाटला हे सूक्तात येत नाही. मेल्व्हिलच्या 'मोबी डिक' (१८५१) मधील आहाबचा हाडाचा पाय सूडाचे प्रतीक होऊन बसतो. एकीकडे दैवी कृपा आणि दुसरीकडे प्रतीक, या दोहोंमध्ये रोजच्या चालण्याची वेदना हरवते.

तात्पर्य, प्रश्नावली ही भाषांतरित संहिताच असून तिच्या वाचनासाठी तौलनिक साहित्याभ्यासाची दृष्टी आवश्यक आहे. 'समाधान' या शब्दाआड दडलेली तक्रार ऐकू आली नाही, तर सदोष पाय यशस्वी ठरेल आणि त्याचा भार एका माणसाला निमूटपणे वाहावा लागेल.