सर्व्हरला जावा सापडत नाही तेव्हा

टॉमकॅट हा जावा भाषेत लिहिलेला वेब सर्व्हर. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये तयार झालेले हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आले. ते चालायला जावाचे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा, म्हणजे जावा रनटाइम, संगणकावर असावी लागते. पण नुसती असून भागत नाही. ती डिस्कवर कोठे आहे हे टॉमकॅटला कळावेही लागते. विंडोजवर ते कळले नाही, तर तशी तक्रार पडद्यावर उमटते आणि सर्व्हर सुरूच होत नाही. मग जावा पुन्हा पुन्हा बसवण्यात लोकांचा दिवस जातो!

हा पत्ता टॉमकॅटमध्येच का लिहीत नाहीत? तो प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो, आणि आवृत्ती बदलली की फोल्डरचे नावही बहुधा बदलते. म्हणून तो 'जावा_होम' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवतात. व्हेरिएबल म्हणजे एक नाव आणि त्याची किंमत. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. येथे किंमत म्हणून जावाचे मुख्य फोल्डर द्यायचे, त्यातले 'बिन' नव्हे. 'बिन' टॉमकॅट स्वतःच पुढे जोडतो. आपणही जोडले तर 'बिन'मधले 'बिन' शोधत बसतो.

एवढे करूनही सर्व्हर अडतो, त्याचे कारण एका प्रयोगातून पाहू. विंडोजमध्ये कमांडच्या दोन खिडक्या उघडा. पहिलीत रोमन अक्षरांत 'सेट गाव=वाई' टाइप करा; बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडू नका. मग 'इको %गाव%' विचारा. उत्तर येईल, वाई. दुसऱ्या खिडकीत हेच विचारले तर '%गाव%' एवढेच परत येते. तिला वाईचा पत्ताच नाही! आता पहिल्या खिडकीत 'सीएमडी' टाइप करा. तिच्या पोटी नवा कमांड प्रोग्रॅम सुरू होईल आणि त्याला वाई माहीत असेल. तेथे गाव बदलून सातारा करा आणि 'एक्झिट' करून मागे या. मूळ प्रोग्रॅमचे गाव अजून वाईच आहे.

म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला जन्माच्या वेळी आपल्या जनकाच्या व्हेरिएबलांची प्रत मिळते. पुढे जनकाकडे झालेला बदल त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि त्याचा जनकाकडे जात नाही. विद्यार्थ्यांना हे आनुवंशिकतेच्या तासाला सांगायलाही हरकत नाही, उपमा बरीच जुळते.

आता सर्व्हरकडे वळू. संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारा टॉमकॅट आपल्या खिडकीच्या पोटी जन्मलेला नसतो. तेव्हा तेथे ठरवलेले 'जावा_होम' त्याला कोठून मिळणार? युनिक्सवर त्यासाठी टॉमकॅटच्या 'बिन'मध्ये 'सेटएन्व्ह.एसएच' ही फाइल ठेवतात. मूळ संचात ती नसते, आपणच करायची. सुरू होण्यापूर्वी टॉमकॅट ती वाचतो, मग त्याला कोणीही सुरू केलेले असो. विंडोजवर सर्व्हिस म्हणून बसवलेल्या टॉमकॅटची तऱ्हा निराळी. त्याचा जावाचा पत्ता सर्व्हिसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो. जावाची आवृत्ती बदलून जुने फोल्डर काढून टाकले, तर तो तेथेच दुरुस्त करावा लागतो.