कॅमेरा गावाचा, दंड तिजोरीचा

रस्त्याकडेला खांबावर बसवलेले वेगमापक कॅमेरे सरसकट बंद करणारी इंग्लंडमधली पहिली नगरपालिका स्विंडनची. साल २००९. सुसाट गाडी हाकणाऱ्यांचा कळवळा तिथल्या नगरसेवकांना आलेला नव्हता. त्यांनी फक्त हिशेब मांडला होता. कॅमेऱ्यांच्या यंत्रणेपोटी पालिकेच्या खिशातून वर्षाला ३ लाख २० हजार पौंड जात होते आणि वसूल झालेला दंड मात्र पै न् पै लंडनच्या सरकारी तिजोरीत जमा होत होता. खर्च आमचा, गल्ला तुमचा, असं किती दिवस चालायचं? तेच पैसे चौकातल्या दिव्यांवर आणि इशारा देणाऱ्या पाट्यांवर घालू, असं म्हणून पालिकेने अंग काढून घेतलं.

त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत हिशेब वेगळा होता. एप्रिल २००० मध्ये ब्रिटनने आठ भागांत एक प्रयोग सुरू केला. पोलीस, पालिका आणि न्यायालयं यांनी भागीदारी करायची, कॅमेऱ्यांचा खर्च जमलेल्या दंडातूनच भागवायचा आणि उरलेली रक्कम तिजोरीत भरायची. पुढच्या वर्षापासून ही पद्धत देशभर पसरू लागली आणि कॅमेरे भराभर वाढले. लोक म्हणू लागले, ही तर दुभती गाय! सरकारलाही या संशयाची कल्पना होती. म्हणून अट अशी की, साधारण किलोमीटरभराच्या पट्ट्यात तीन वर्षांत कुणी दगावल्याचे किंवा गंभीर जखमी झाल्याचे निदान चार अपघात घडलेले असतील, तरच तिथे कायमचा कॅमेरा. शिवाय झाडाआड दिसेनासे होणारे करडे डबे भडक पिवळे रंगवायचे. ज्याला गुपचूप गल्ला भरायचा असतो, तो गल्ल्याला पिवळा रंग देत नाही. पण ओरड काही थांबली नाही.

चार वर्षांच्या पाहणीत कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत आणि गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटलेली दिसली. हा आकडा जरा जपून वापरायला हवा. नुकतेच जास्त अपघात झाले तिथेच कॅमेरा लावला, तर पुढच्या काळात संख्या थोडीफार आपसूकही उतरते. ही वजावट करूनही फायदा उरतो, एवढं मात्र खरं.

एप्रिल २००७ मध्ये ही योजना गुंडाळली गेली. सगळा दंड तिजोरीत आणि बदल्यात पालिकांना रस्ता सुरक्षेसाठी वर्षाला ११ कोटी पौंडांचं अनुदान, तेही कॅमेऱ्यांवरच खर्च करा असं बंधन नसलेलं. स्विंडनने याच मोकळिकीचा फायदा घेतला. २०१० मध्ये नव्या सरकारने अनुदानाला कात्री लावताच ऑक्सफर्डशायरने १ ऑगस्टला आपले ७२ कॅमेरे बंद केले आणि आठ महिन्यांनी, १ एप्रिल २०११ ला, पुन्हा सुरू केले. पैसा आला कुठून? वेगमर्यादा थोडक्यात ओलांडणाऱ्याला तिथे दंडाऐवजी शुल्क भरून वर्गात बसण्याची सोय आहे; काही तास सुरक्षेचे धडे घेतले की लायसन्सवर नोंद पडत नाही. हे शुल्क कायद्याने दंड नव्हे, त्यामुळे ते तिजोरीत जात नाही. त्यातला एक हिस्सा पोलिसांकडेच राहतो. समोरच्या दाराने घालवलेला पैसा मागच्या दाराने घरात आला.

मग सगळाच दंड गावाला देऊन टाकला तर? अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या मॅक्स क्रीकने ते करून दाखवलं. तीनशेच्या आत वस्ती, आणि अंगावरून जाणारा ५४ क्रमांकाचा हायवे. ओझार्क तलावाकडे सुट्टीला निघालेल्या गाड्या याच रस्त्याने जायच्या. ताशी ६५ मैलांची मर्यादा गाव लागताच ४५ वर यायची आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंत पोलिसांची गाडी मागे लागलेली असायची. गावाचं बहुतांश उत्पन्न या दंडाचं. अखेर १९९५ मध्ये राज्याने कायदाच केला: वाहतूक दंडाचं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपुढे गेलं, तर वरचा पैसा शाळांना. कायद्याला गावाचंच नाव चिकटलं. गावाचं दिवाळं निघालं आणि २०१२ मध्ये त्याचा नगराचा दर्जाही गेला. याच राज्यातल्या फर्ग्युसन शहराच्या पोलीस आणि न्यायालयाची नजर उत्पन्नावरच होती, असं अमेरिकी न्याय खात्याने मार्च २०१५ च्या अहवालात नोंदवलं आणि त्याच वर्षी ही मर्यादा २० टक्क्यांवर आली.

नॉर्थ कॅरोलिनात दुसरं टोक. तिथे राज्यघटनेनेच दंडाची निव्वळ रक्कम सरकारी शाळांच्या नावे लावून ठेवली आहे. हाय पॉइंट शहराच्या सिग्नल-कॅमेऱ्यांच्या खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने ठरवलं की ९० टक्के पैसा शाळांनाच जाणार. उरलेल्या दहा टक्क्यांत कॅमेरा कंपनीचं बिलसुद्धा भागेना. त्याच राज्यातल्या शार्लट शहराने आपले कॅमेरे काढले. शाळांना त्यांचा न्याय्य वाटा मिळाला आणि ज्या यंत्राने तो मिळवून दिला तेच बंद पडलं!

यातून मार्ग काढायचा तर यंत्राचा खर्च आधी वळता व्हायला हवा, उरलेला पैसा रस्त्यावरच लागायला हवा, आणि दंडाची पावती फाडणाऱ्याच्या हाती त्याची किल्ली नसावी. ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स याच्या बरंच जवळ पोचलं आहे. २०१३ पासून तिथल्या कॅमेऱ्यांचा दंड रस्ता सुरक्षेच्या स्वतंत्र निधीत जातो, आणि शाळांसमोर लुकलुकणारे दिवे बसले ते याच निधीतून.

आपल्याकडे ई-चलानचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, आणि ग्रामपंचायतीला राज्यमार्गावर साधा गतिरोधक हवा असला तरी अर्ज घेऊन सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. केरळने २००७ च्या कायद्याने तडजोड शुल्काचा, म्हणजे खटल्याऐवजी भरायच्या रकमेचा, निम्मा भाग रस्ता सुरक्षा निधीकडे वळवला. पण तोही निधी राज्यपातळीवरचाच. ज्या वळणावर चलान फाटलं, त्या वळणाशी त्याचं नातं नाही. वास्तविक प्रत्येक ई-चलानवर ठिकाण नोंदलेलं असतं. कुठल्या तालुक्यातून किती दंड गेला आणि तिथल्या रस्त्यावर त्यातलं किती परत आलं, हा तक्ता काढायला नवा कॅमेरा लागत नाही.