नाली कोठे जाते, ते आधी विचारा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एकाच वस्तीतून आठवडाभरात सात रुग्ण दवाखान्यात आले. चौघांना गॅस्ट्रो, दोघांना डेंग्यू आणि एका गृहिणीस कावीळ. त्या गृहिणीचे यजमान शिक्षक. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून नव्या ले-आऊटमध्ये त्यांनी घर बांधलेले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरात रोज फरशी पुसली जाते, उघड्यावरचे आम्ही खात नाही. मग हे आजार आमच्याच दारी का?"

संध्याकाळी दवाखाना आटोपून मी त्यांच्याबरोबर गेलो. घर खरोखर आरशासारखे स्वच्छ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सिमेंटची नालीही होती. पण ती शेवटच्या प्लॉटपाशी एकाएकी संपत होती. पुढे रिकाम्या प्लॉटांत गुडघाभर काळे पाणी आणि गाजरगवत. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितले, "येथून ओढा जायचा साहेब. प्लॉट पाडताना मुरूम टाकून बुजवला." पिण्याच्या पाण्याचे नळ त्या तुंबलेल्या नालीतूनच घरोघर गेले होते. घराचा नकाशा पाहून घेणाऱ्या त्या गृहस्थांनी नाली कोठे जाते एवढेच विचारले नव्हते. आपल्यापैकी कितीजण विचारतात?

पाणी वाढते कसे?

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटरचा एक जोरदार पाऊस झाला की दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे वीस टँकर! तेथे शेत होते तेव्हा यातील बरेच पाणी जमिनीच्या भेगांत मुरे, बांध थोडे अडवी आणि उरलेले सावकाश ओढ्याला लागे. आता तेथे स्लॅब, फरशी आणि सिमेंटचा रस्ता आला. दहा भागांपैकी आठ-नऊ भाग पाणी पाऊस पडताक्षणीच वाहू लागते. पाच एकरांचे ले-आऊट असेल तर शंभर टँकरांच्या आसपास पाणी एकदम बाहेर पडू पाहते आणि त्याची जुनी वाट आपण मुरूम टाकून बंद केलेली असते.

आपल्या जिल्ह्यात याची दोन रूपे दिसतात. घाटावर, म्हणजे बुलडाणा, चिखली, मेहकर भागात जमिनीला उतार आहे. तेथे वरच्या वस्तीचे पाणी वेगाने खालच्या वस्तीत शिरते. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगावकडे जमीन सपाट आणि माती भारी काळी. तेथे आलेले पाणी हलतच नाही. त्यात दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंटचा थर चढतो. रस्ता उंच होतो, घराचे जोते खाली राहते आणि रस्त्याचे पाणी उंबरठा ओलांडून आत येते.

आजार येतात ते चार वाटांनी

पहिली वाट पिण्याच्या पाण्याची. आपल्याकडे नळ रोज येत नाहीत, काही दिवसांआड येतात. नळ सुरू असतो तेव्हा पाइपात दाब असतो, म्हणून गळती असली तरी पाणी बाहेर पडते. नळ बंद झाला की दाब नाहीसा होतो आणि त्याच फटीतून नालीतले घाण पाणी आत ओढले जाते. पुन्हा नळ आला की पहिल्या धारेबरोबर ते आपल्या माठात! बऱ्याच घरांच्या संडासाच्या टाकीचे वरचे पाणीही नालीतच सोडलेले असते. गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ हे सारे याच वाटेने येतात.

दुसरी वाट डासांची. येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला साचलेले स्वच्छ पाणी लागते. नळ उशिरा येतो म्हणून भरून ठेवलेले ड्रम, बांधकामाचे हौद, लिफ्टच्या खड्ड्यात साठलेले पावसाचे पाणी, टायर ही त्याची घरे. तुंबलेल्या घाण नालीत वाढतो तो क्युलेक्स डास. पूर्व विदर्भाला फार वर्षे त्रास देणारा हत्तीरोग तो पसरवितो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते.

तिसरी वाट पायांची. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी चालताना पायाच्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. नाली उपसणारे सफाई कामगार आणि चिखलात राबणारे शेतकरी यांना हा धोका अधिक.

चौथी वाट विहिरीची व बोअरची. पाणी मुरवावे हे खरे. पण रस्त्याचे किंवा नालीचे पाणी थेट बोअरमध्ये सोडणे म्हणजे जमिनीच्या पोटात विष ओतणे होय. मुरवायचे ते छपरावरचे, गाळून घेतलेले पाणी.

कायदा काय म्हणतो?

कायदा नाही असे नव्हे. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम सार्वजनिक नाल्या बांधणे व साफ राखणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य मानतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार परवानगीवाचून जमिनीचा विकास करता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने जवळजवळ सर्व शहरांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. ज्या जागेचा निचरा होऊ शकत नाही ती बांधकामास योग्य नाही, हे तीत आहे. ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर व त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ५०० चौरस मीटर व त्यावरील भूखंडावर नवे बांधकाम करताना पावसाचे पाणी साठविण्याची वा मुरविण्याची सोय करावी लागते. अंतर्गत रस्ते व नाल्या करून देणे ही ले-आऊट पाडणाऱ्याची जबाबदारी आहे. विनापरवाना तुकडे पाडून झालेल्या गुंठेवारी वस्त्यांसाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. घरे नियमित करताना लोक जे शुल्क भरतात त्यातून त्याच वस्तीत नागरी सोयी व्हाव्यात, हा त्याचा हेतू.

मग अडते कोठे? नियम प्लॉटपुरता पाहिला जातो. पाणी मात्र प्लॉटची हद्द मानीत नाही. कागदावर नाली असते. ती पुढे कोणत्या नाल्यास मिळते, त्या नाल्यात एवढे पाणी मावेल काय, हे कोणी मोजत नाही. अमेरिकेत १९८७ साली स्वच्छ पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शहरांतील पावसाळी पाणीही परवान्याखाली आले. तेथील अनेक नगरपालिकांची अट साधी आहे. बांधकामापूर्वी जागेतून जेवढ्या वेगाने पाणी बाहेर जात होते, त्याहून अधिक वेगाने ते नंतर जाता कामा नये. जास्तीचे पाणी मालकाने आपल्या जागेतच थोपवावे. आपल्याकडेही केंद्र शासनाने २०१९ मध्ये पावसाळी पाण्याच्या निचऱ्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. ले-आऊट मंजूर करणाऱ्या टेबलावर ती उघडली गेली पाहिजे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांची यादी दिली. त्या यादीत जमिनीच्या वापराचे नियमन आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन्ही कामे आहेत. म्हणजे ले-आऊटच्या नकाशावर सही होते ती कचेरी आणि डेंग्यूची साथ आल्यावर धुराचे यंत्र पाठविते ती कचेरी एकच! धुराने फक्त उडणारे डास मरतात; पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. त्या यंत्राची पाळी येऊ नये असे वाटत असेल तर इलाज नकाशाच्या टेबलावरच करावयास हवा.

दुर्लक्षाची किंमत मोठ्या शहरांनी मोजली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई बुडाली आणि पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आपल्या नागपुरात काही तासांत शंभरहून अधिक मिलिमीटर पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आपली गावे लहान आहेत, म्हणून अजून वेळ आहे एवढेच. तलाव-नाले खोल करून त्यातील माती-मुरूम महामार्गाच्या भरावास वापरण्याचा आपला 'बुलडाणा पॅटर्न' जिल्ह्याबाहेरही नावाजला गेला. शिवारातले नाले खोल करणाऱ्या जिल्ह्याने गावातले नाले बुजवावेत, हे शोभत नाही.

आपण काय करावे?

१. प्लॉट घेण्यापूर्वी मंजूर ले-आऊटचा नकाशा पाहा. त्यातील नाली कोठून निघते व कोठे जाऊन मिळते, हे पायी चालून पाहा. जमल्यास भर पावसात पाहा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे असल्यास सर्वसाधारणपणे महारेराची नोंदणी लागते. तिचा क्रमांक विचारा. नकाशा मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा.

२. जवळच्या वृद्ध शेतकऱ्यास विचारा, "येथून पूर्वी पाणी कोठून जायचे?" त्याचे उत्तर सहसा चुकत नाही.

३. वस्तीतील लोकांनी मिळून नगरपरिषदेस किंवा ग्रामपंचायतीस मे महिन्यातच लेखी निवेदन द्यावे. एकट्याचा अर्ज फायलीत झोपतो, पन्नास सह्यांचा जागा राहतो. उपसलेला गाळ काठावरच ठेवू देऊ नये. पहिल्या पावसाने तो पुन्हा नालीत जातो.

४. संडासाच्या टाकीचे पाणी पावसाळी नालीत सोडू नका. शोषखड्डा करा, पण तो विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात पाणी नीट मुरत नाही. तेथे छपराचे पाणी झाकणाच्या टाकीत साठविणे अधिक फायद्याचे. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. जेथे जमिनीतले पाणी खारट, तेथे हे गोडे पाणी अमृतच समजा.

५. पावसाळ्यात नळाचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या. गढूळ पाण्यात क्लोरीनचे काम नीट होत नाही. मग हजार लिटरच्या टाकीस अडीच ग्रॅम चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत घाला आणि अर्धा तास थांबा. टाकी नसेल तर पाणी उकळून प्यावे.

६. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्या. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. ताप आल्यास साधी पॅरासिटामॉलची गोळी पुरे. डेंग्यूच्या दिवसांत ॲस्पिरीन, ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्या शिक्षकाच्या पत्नी महिनाभराने बऱ्या झाल्या. वस्तीतील लोकांनी एकत्र येऊन अर्ज केला, दोन खेटे घातले. नळाचे पाइप नालीतून काढून वर घेतले गेले. नाली मात्र अजून तेथेच संपते. बुजविलेला ओढा मोकळा करायचा तर दोन बांधलेली घरे आड येतात. नकाशा मंजूर होतानाच एक रेघ पुढे ओढली असती तर हे फुकटात झाले असते. आता ते कोर्टाचे काम झाले आहे.

आपल्याकडे घर घेताना लोक दिशा पाहतात, मुहूर्त पाहतात. खुशाल पाहावा. पण वाचकहो, दार पूर्वेला असो की पश्चिमेला, दारापुढची नाली कोठे जाते हे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नका.