मॅटाडोर भंगारात घालण्यापूर्वी

गावागावांत एखाद्या गोठ्यामागे किंवा चिंचेखाली एक जुनी मॅटाडोर उभी असते. टायर मातीत रुतलेले असतात, काचांवर धूळ साचलेली असते आणि आत कोंबड्यांनी घर केलेले असते. भंगारवाला वर्षातून दोनदा येऊन भाव सांगून जातो. घरातली तरुण मंडळी म्हणतात, देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. वडीलधाऱ्यांचा मात्र पाय निघत नाही. याच गाडीने कधी दुधाचे कॅन डेअरीवर नेलेले असतात, कधी टोमॅटोच्या पाट्या बाजारात पोचवलेल्या असतात, कधी लग्नाचे वऱ्हाड आणलेले असते, आणि अडल्या वेळी बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात गाठून दिलेले असते.

अशी गाडी पुन्हा उभी करता येते का? येते. पण त्याला पैसा लागतो, वेळ लागतो आणि मुख्य म्हणजे चार जाणती माणसे लागतात. नुसत्या हौसेवर काम सुरू केले, तर अर्धी खोललेली गाडी आणि रिकामा खिसा एवढेच हाती राहते. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, आधी सगळा हिशेब नीट समजून घेऊ.

हॅम्बुर्गहून आकुर्डीला

आज आपण कोणत्याही लहान मालगाडीला सहज टेम्पो म्हणतो. हे खरे तर एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. हॅम्बुर्गमधल्या हारबुर्ग येथे ‘फिडाल आणि झोन’ या कारखान्यात टेम्पो नावाच्या तीनचाकी व चारचाकी गाड्या तयार होत. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४९ साली त्यांनी मॅटाडोर नावाची चारचाकी काढली. पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीचे इंजिन बसवलेले होते.

ही गाडी आपल्याकडे आणण्याचे श्रेय नवलमल फिरोदिया यांच्या उद्योगाला जाते. फिरोदिया मूळचे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, आणि स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. आधी तीनचाकी टेम्पो आला आणि १९६९ पासून मॅटाडोर तयार होऊ लागली. पुण्याजवळ आकुर्डीला तिचा कारखाना होता. पुढे १९८०च्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन तिला मिळाले. त्या इंजिनाने गाडीचे नाव गावोगाव पोचवले. कंपनीचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोर बनणे त्याआधीच थांबले होते, पण लोकांच्या तोंडी ते नाव अजून आहे.

या गाडीची एक खासियत ध्यानात ठेवावी. ट्रकमध्ये इंजिनाची ताकद लांब दांडीने मागच्या चाकांना जाते. मॅटाडोरमध्ये ती पुढच्याच चाकांना मिळते. मधली दांडी नसल्यामुळे मागचा तळ सखल ठेवता आला, आणि दुधाचा कॅन किंवा धान्याचे पोते चढवायला कमी उचलावे लागू लागले. पण या सोयीची किंमतही आहे. मागे ठासून माल भरला आणि घाट चढू लागलो, की वजन मागे जाते आणि पुढची चाके ओल्या रस्त्यावर जागीच फिरू लागतात. जुन्या चालकांना हे पक्के माहीत असे. ते जड माल नेहमी पुढे, चालकाच्या पाठीशी लावत.

एकट्याचे काम नव्हे

आमच्या पाहण्यात आलेल्या एका गाडीचेच उदाहरण घ्या. एका शेतकऱ्याच्या वडिलांनी या गाडीवर अनेक वर्षे दुधाची वाहतूक केली होती. वडील गेले, गाडी उभी राहिली. मुलाने ती दुरुस्त करायचे ठरवले तेव्हा गावातलेच चौघे जण आपण होऊन आले. एक एस. टी.च्या आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक काका, दुसरा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर, तिसरा साखर कारखान्यात लेथवर हात बसलेला टर्नर, आणि चौथा आय.टी.आय. शिकलेला वायरमन. शेतकऱ्याची मुलगी महाविद्यालयात जाणारी. तिने हिशेबाची वही आणि कागदपत्रे सांभाळली. दिवाळीनंतर काम सुरू झाले ते उन्हाळ्यापर्यंत चालले. रोज नाही, तर शेतीची कामे उरकून, रविवारी आणि बाजाराच्या सुट्टीला.

या मंडळींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. एक, खर्चाची मर्यादा आधी वहीत लिहायची आणि ती गाठली की काम थांबवायचे. दुसरी, पीककर्जाचा किंवा बी-खताचा एक पैसाही गाडीकडे वळवायचा नाही. हौसेच्या कामाला ही दोन कुंपणे हवीतच. जुन्या गाडीत एक भाग उघडला की शेजारचे दोन खराब निघतात, आणि ‘एवढे केलेच आहे तर’ असे म्हणत माणूस खोल उतरत जातो.

आधी कागद, मग पाना

गाडीचे एक बोल्ट फिरवण्याआधी आर.सी. पुस्तक शोधा. त्यातला चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. चॅसी नंबरावर गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने हळू काढा, तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका. तो नंबर पुसला गेला की गाडीची ओळखच गेली.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. नंतर गाडीची तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी पुढे चालू करता येते. माल किंवा भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र वेगळे लागते. जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. शिवाय पर्यावरण कर आणि विमा असतो. गाडी बरीच वर्षे उभी असेल तर मागची थकबाकीही निघते. म्हणून आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन एकूण रक्कम किती होते ते आधी विचारावे. पुष्कळदा हा आकडाच ठरवतो की गाडी रस्त्यावर आणायची की नाही.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरे असलेला व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरवले गेले आणि मुदत १० वर्षांची. १९७०च्या आसपासच्या मॅटाडोर आता या वयात आल्या आहेत. पण दोन अटी लक्षात घ्याव्यात. ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कारणांनीच ती रस्त्यावर येते. आणि तिची चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

गंजाचा खरा हिशेब

शेतकऱ्याच्या गाडीचा पत्रा शहरातल्या गाडीपेक्षा लवकर का खातो? कारण तिने खत वाहिलेले असते. रासायनिक खताचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याच्या सांध्यात बसून राहतात. सांडलेले दूध आंबले की त्याचेही आम्ल होते. त्यात पावसाळ्यातला चिखल दरवाजाखालच्या पोकळीत साचतो. वरून रंग ठीक दिसतो आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो.

म्हणून रंगावर जाऊ नका. लहान हातोडीने तळ, पायरी, चाकांवरच्या कमानी आणि स्प्रिंगा जिथे चॅसीला जोडल्या आहेत त्या जागा वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. तळ आणि दरवाजे बदलता येतात. पण मुख्य चॅसी आणि स्प्रिंगांच्या जोडांच्या जागा सडल्या असतील, तर मनाला पटो न पटो, ती गाडी रस्त्यावर आणू नये.

वर सांगितलेल्या गाडीचा मागचा सगळा तळ गेला होता. वेल्डरने सडका पत्रा कापून काढला, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे गेला आणि मगच नवा जोडला. भोकांवर लांबी थापून वर रंग मारणे म्हणजे गळक्या छपराला आतून चुना देणे. लांबी ही फक्त बारीक खड्ड्यांसाठी असते. नवा पत्रा घासून, प्रायमर लावून, सांध्यांत सील भरून मगच रंग द्यावा.

इथे घरातल्या सगळ्यांसाठी एक सूचना. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस. दोन्हींची धूळ शरीराला घातक आहे. रंग कोरडा न घासता पाणी लावून घासा. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. तिथे लहान मुलांना फिरकू देऊ नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. दगड-विटांवर भरवसा नको, त्या वजनाखाली फुटतात.

आधी थांबणे, मग पळणे

उभ्या गाडीचे इंजिन कधी सुरू होते याची सगळ्यांनाच घाई असते. मेकॅनिक काकांनी मात्र आधी ब्रेक पूर्ण होतील तेव्हाच इंजिनाला हात लावू, असा हट्ट धरला, आणि तो रास्त होता. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ब्रेक ऑइल ओल धरते, सिलिंडर आतून गंजतात, रबरे कडक होतात. मुख्य सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, नळ्या, रबरे आणि लायनर ही सगळी तपासून, लागतील ती बदलूनच पुढे जावे. टायरला नक्षी दिसत असली तरी वयाने रबराला तडे जातात. असे टायर भरल्या गाडीखाली फुटतात.

इंजिन अडकले असेल तर बॅटरी लावून जबरदस्तीने फिरवू नये. हिटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. जुने डिझेल पूर्ण काढून टाकावे. टाकीच्या तळाशी पाणी आणि बुरशी साचलेली असते. ती पंपात गेली तर पंप व नोझल दोन्ही जातात. टाकी गळत असली तरी तिला घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ पेट घेते. नवे फिल्टर बसवून, नळ्यांतली हवा काढून मगच स्टार्टर मारावा.

पहिली फेरी रस्त्यावर न घेता त्यांनी पडीक रानात घेतली. वळताना पुढच्या चाकाकडून टक् टक् असा आवाज आला. चाकाकडे जाणाऱ्या दांडीचे सांधे झिजले की असा आवाज येतो. टर्नरच्या ओळखीने जुन्या बाजारातून त्यातल्या त्यात चांगला सांधा मिळाला. न मिळणाऱ्या काही बुश त्याने स्वतः लेथवर काढून दिल्या. वायरमनने सगळी जुनी वायर फेकून नवी ओढली आणि प्रत्येक लाइनला फ्यूज दिला. जुन्या वायरला चिकटपट्टी गुंडाळून चालवणे म्हणजे गवताच्या गंजीशेजारी विडी ओढणे.

बदल किती करावेत?

इथे मंडळींत थोडा वाद झाला. एकाच्या मते मोठे इंजिन घालावे, दुसऱ्याच्या मते छप्पर कापून उंच करावे. कायदा याला मोकळे सोडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे झाले तरी आर.टी.ओ.ची परवानगी आणि नोंद लागते. रंग बदलला तर तोही पुस्तकात लिहून घ्यावा लागतो. बिगर नोंदीचा बदल असला आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई अडू शकते. मग सगळी हौस एका दिवसात महाग पडते.

शेवटी त्यांनी नोंदीत बसेल तेवढेच केले. आसनांच्या गाद्या नव्या झाल्या. त्यांची कव्हरे त्या शेतकऱ्याच्या आईने जाड खादीची शिवली. इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मध्ये असल्याने त्याच्या झाकणाखाली उष्णता अडवणारे अस्तर घातले. मागचे दिवे ठळक केले, परावर्तक लावले, आग विझवण्याचे नळकांडे बसवले.

काहींना अशा गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय करून यात्रेला किंवा पर्यटकांसाठी वापरावेसे वाटते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. पण फिरत्या घराची गाडी म्हणून नोंद वेगळी होते, तिची मानके वेगळी असतात. आपल्या मनाने आत गॅसची टाकी ठेवून चूल मांडू नये. बंद गाडीत गळलेला गॅस तळाशी साचतो आणि त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

करावे की विकावे?

चॅसी शाबूत, कागद पुरे, गावात जाणते हात आणि घरात खर्चून संपले तरी चूल न अडणारा पैसा, या चारही गोष्टी असतील तर जरूर हात घालावा. यांतली एक जरी नसली तर गाडी भंगारात देण्यात कमीपणा मानू नये. मात्र देताना ती नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी, प्रमाणपत्र घ्यावे आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर आपल्या नावाचा नंबर दुसऱ्याच कोणाच्या गाडीवर फिरत राहतो.

आणि गाडी उभी केलीत, तर तिचा मोह आवरावा. नव्या गाडीच्या वेगाने तिला पळवू नये, घाटात भरून नेऊ नये, दर आठवड्याला थोडी तरी चालवावी. उभ्या गाडीला पुन्हा गंज धरतो. चैत्रात गावची जत्रा असेल तर त्या दिवशी तिला धुऊन, हार घालून देवळापर्यंत न्यावी. म्हातारी माणसे तिच्याभोवती जमतील आणि आपण तिच्यातून कोणत्या लग्नाला गेलो होतो ते एकमेकांना सांगत बसतील.